नाच बसवताना: दोन फॉर्मेशनच्या मधलं चालणं

पदन्यास

समूहनृत्य बसवणाऱ्या, त्यात नाचणाऱ्या आणि नुसतं मन लावून बघणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय.

नाच बसवायला घेतला की बहुतेकांची सुरुवात स्टेप्सपासून होते. संगीत लावायचं, आठ-आठचे काउंट पाडायचे, प्रत्येक आठात काहीतरी भरायचं. मग फॉर्मेशन ठरतात. इथे वर्तुळ, इथे दोन रांगा, इथे बाणाचं टोक. कागदावर ठिपके काढून होतात. पण एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जायचं कसं, हे मात्र तालमीत "चला, पटापट जागा घ्या" एवढ्यावर सोडलेलं असतं. माझं ठाम मत आहे की रचना खरी तिथेच असते, त्या मधल्या चार मात्रांत. रचनाकाराचा कस बघायचा असेल तर मी तेवढाच भाग बघते.

कारण साधं आहे. स्थिर मांडणी प्रेक्षक क्षणात वाचतो आणि मग त्याची नजर सैल पडते. कुणी हललं की ती पुन्हा जागी होते. म्हणजे जागाबदलाच्या वेळी प्रेक्षक सगळ्यात जास्त आपल्याकडे बघत असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला मान खाली घालून धावणाऱ्या आठ जणी दाखवतो!

अमेरिकेतला बॅले रचनाकार बॅलन्शाइन, त्याचं 'सेरेनेड' आठवा. १९३४ साली त्याने ते आपल्या शाळेतल्या विद्यार्थ्यांवर बसवलं. पहिल्या तालमीला सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवात सतरा जणींची. पुढे कुणी कमी आलं, कुणी उशिरा आलं, एक मुलगी पडली. उशिरा येऊन आपली जागा शोधणारी मुलगी आणि ती पडणारी मुलगी, दोघी आजही त्या नाचात आहेत. ती उशिरा आलेली ओळींमधून चालत जाते तेव्हा स्टेप अशी काहीच करत नाही. ती जागा शोधतेय आणि बाकीच्या स्थिर आहेत, एवढंच. तरी त्या काही सेकंदांत डोळा दुसरीकडे जात नाही.

आता माझी अडचण. आठ जणी वर्तुळात आहेत. तिथून मागच्या उजव्या कोपऱ्याकडून पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेत यायचं आहे. संगीत देतं फक्त चार मात्रा. दर वेळी मध्यभागी गर्दी होते. तुम्ही कसं सोडवाल? आणि एकूणच जागाबदल तुम्ही आधी ठरवता की शेवटी?

विंगेतून

उत्तम विषय. मी नाटकाच्या बाजूने लिहितो.

नाटकात नट उगाच जागा बदलत नाही. खिडकीशी गेला तर खिडकीशी काहीतरी आहे, निदान इथे थांबणं त्याला असह्य झालंय. नाचात असं कथानकातलं कारण दर वेळी मिळणार नाही, मिळायला हवं असंही नाही. पण शरीरातलं कारण मिळायलाच हवं. आधीच्या हालचालीने पुढची मागितली पाहिजे.

अगदी खालच्या पातळीवर, पायाशी बघा. आधीच्या तुकड्याचा शेवट उजव्या पायावर वजन ठेवून झाला असेल तर डावा पाय मोकळा आहे. आता तिला उजवीकडे जायचं असेल तर एक तर वजन बदलावं लागतं, नाहीतर डावा पाय उजव्यावरून टाकावा लागतो. वजन बदलण्यात अर्धी मात्रा जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मुलगी उशिरा निघाली, तिचं लक्ष नाही. लक्ष असतं, पाय अडकलेला असतो. अशा वेळी तिला ओरडण्यापेक्षा आधीच्या तुकड्याचा शेवटचा ठेका बदलावा. डाव्या बाजूला जाणाऱ्यांनी उजव्या पायावर संपवायचं, उजव्या बाजूला जाणाऱ्यांनी डाव्या. तुकडा तोच, शेवट दोन. निम्मी गडबड इथेच मिटते.

कोपरा

वाचतेय. भाबडा प्रश्न: तिरकी रेषाच का? आडवी ओळ केली तर सोपं नाही का होणार?

पदन्यास

भाबडा अजिबात नाही. चौकोनी मंचावर कर्ण ही सगळ्यात लांब रेषा. शिवाय मागून पुढे येणारी व्यक्ती प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर मोठी होत जाते, आडव्या चालीत ते घडत नाही. अमेरिकन रचनाकार डोरिस हम्फ्रीने मंचावरच्या जागांच्या बळाचा बारकाईने विचार केला होता. मध्यबिंदू सगळ्यात बलवान, आणि म्हणूनच तो जपून वापरायचा. सगळं मध्यातच घडवलं तर त्याचं बळ संपतं. माझ्या रचनेत तोपर्यंत सगळं गोल आणि मध्यात घडलेलं आहे. म्हणून पहिल्यांदा रेषा येईल ती तिरकीच हवी.

@विंगेतून, "तुकडा तोच, शेवट दोन" हे फार कामाचं आहे. लगेच करून बघते.

आवर्तन_सोळा

कथकवाल्यांचा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा नाच मुळात एकट्याचा. सगळी ताकद एका शरीरात, एका जागेवर, समोर तबला. तोच तोडा (बोलांवर बांधलेला नाचाचा तुकडा) आठ जणींनी एकत्र केला की आठपट परिणाम होतो असं वाटतं, पण तसं होत नाही, बऱ्याचदा एकीचा जास्त होतो. समूह म्हणजे काय याचा कथकमध्ये खरा विचार कुमुदिनी लाखियांनी केला. 'धबकार', 'दुविधा', 'अतः किम' या त्यांच्या रचना. समूहाला त्यांनी एकाच नर्तिकेच्या आठ प्रती केलं नाही. एक गट स्थिर, दुसरा चक्करमध्ये, तिसरा पाठमोरा निघून जातोय, आणि तिघांचीही सम (तालाची पहिली मात्रा) एकच. प्रेक्षकाकडे पाठ करणं हासुद्धा तेव्हा मोठा निर्णय होता.

आता तालाकडे. चार मात्रा कमी पडतात असं म्हणतेस, तर सगळ्यांनी एकदमच निघायचं हे कुणी ठरवलं? एक साधा हिशेब देते. आठ मात्रांचा तुकडा आहे, नाचणाऱ्या चार, आणि प्रत्येकीने आधीचीच्या नंतर दोन मात्रांनी सुरू करायचं. पहिली १ वर सुरू होऊन ८ वर संपते, दुसरी ३ वर सुरू होऊन १० वर, तिसरी ५ ते १२, चौथी ७ ते १४. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी १५ आणि १६ उरतात. त्या दोन मात्रा चौघी एकत्र थांबतात, एकच श्वास घेतात आणि समेवर एकत्र येतात. विखुरलेलं सगळं अचानक एक होतं. त्या दोन रिकाम्या मात्रा काही केल्या भरू नका. मोह होतो, पण नका.

तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं, हीसुद्धा जागा बदलायला सुंदर. पाच मात्रांचा बोल तीनदा आणि मध्ये एकेक मात्रेचा दम घेतला की ५+१+५+१+५ = १७. समेपासून उचलली की शेवटची मात्रा पुढच्या समेवर. पहिला पल्ला डावीकडच्यांना द्या, दुसरा उजवीकडच्यांना, तिसरा सगळ्यांना. एक गट बोल करत असतो तेव्हा प्रेक्षक त्याच्याकडे बघतो आणि दुसरा गट निवांत सरकून घेतो. तिसऱ्या पल्ल्याला सगळे नव्या जागी. कुणी जागा कधी बदलली ते कळतही नाही.

चक्री

धागा आवडला, पण मूळ धारणेला माझा विरोध आहे.

तुम्ही सगळे ठिपक्यांपासून विचार करताय. कागदावर वर्तुळ, कागदावर कर्ण, आणि माणसांनी त्यात बसायचं. नाचणाऱ्यांना कधी विचारलंत का, की या वर्तुळातून बाहेर पडावंसं वाटलं तर तू कशी पडशील? जर्मन रचनाकार पिना बाउश वुपर्टालमध्ये हेच करायची. स्टेप दाखवण्याऐवजी प्रश्न विचारायची. नर्तक कधी बोलून, कधी हालचालीतून उत्तर द्यायचे. त्या ढिगातून फार थोडं निवडलं जायचं आणि मग त्याची मांडणी. १९७८च्या 'कॅफे म्युलर'मध्ये मंचभर खुर्च्या आहेत, डोळे मिटलेली बाई चालतेय, आणि एक माणूस तिच्या वाटेतल्या खुर्च्या धावत बाजूला करतोय. जागाबदल म्हणता ना, हा बघा जागाबदल. तो कुठल्याही ठिपक्यांतून आलेला नाही.

१९७२ साली स्टीव्ह पॅक्स्टनने कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं तेव्हापासून कित्येकांनी आधी ठरवणंच सोडून दिलंय. दोन शरीरांचा स्पर्श, वजनाची देवाणघेवाण, आणि पुढचं पाऊल त्यातून. गर्दी होते कारण त्या आठ जणी एकमेकींकडे बघत नाहीत, आपापला ठिपका शोधतात. ठिपके काढून घ्या, त्या आपोआप वाट काढतील.

पदन्यास

@चक्री, ठिपका शोधणारी मुलगी शेजारणीला बघत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण बाउशबद्दल तुम्हीच लिहिलंत: उत्तरांमधून निवड आणि मग मांडणी. ती निवड आणि मांडणी कुणी केली? उत्तर नर्तकाचं असलं तरी खुर्च्या हटवणारा त्या बाईच्या किती पुढे धावेल, तो एक क्षण उशिरा पोचला तर काय होईल, हे कुणीतरी पुन्हा पुन्हा बघून पक्कं केलं. म्हणूनच ते दर प्रयोगात तितकंच धोकादायक वाटतं.

"आपोआप वाट काढतील" हे सरावलेल्या, एकमेकींच्या शरीराची सवय असलेल्या नर्तिकांबद्दल खरं आहे. नव्या गटात आपोआप निघणारी वाट बहुतेकदा सगळ्यात जवळची असते, आणि आठही जवळच्या वाटा मधूनच जातात. माझी अडचण तीच आहे.

विंगेतून

अमेरिकन रचनाकार मर्स कनिंगहॅम या वादाच्या भलत्याच टोकाला उभा होता. १९५१पासून तो नाणी उडवून ठरवायचा: कोणती हालचाल कुठल्या क्रमाने, कोण कुठे. आपल्या आवडीनिवडीच्या सवयीतून सुटण्यासाठी. जॉन केजचं संगीत वेगळं तयार व्हायचं, दोन्हींमध्ये समान काय तर एकूण लांबी. नर्तकांना संगीत कित्येकदा थेट पहिल्या प्रयोगातच ऐकायला मिळायचं. त्यामुळे ते संगीतावर मोजत नसत, वेळ अंगात भिनवलेली असायची आणि तालमीत स्टॉपवॉच. लोकांना वाटतं नाणेफेक म्हणजे वाट्टेल ते. उलट, एकदा नाणं पडलं की त्यात तसूभर बदल नाही, आणि जे अशक्य वाटेल ते शक्य करून दाखवायची जबाबदारी नर्तकावर.

लाँगशॉट

कॅमेऱ्यासाठी बसवणाऱ्यांसाठी एक मुद्दा, कारण हल्ली बरेच नाच फक्त चित्रीकरणासाठीच बसवले जातात.

मंचावर प्रेक्षकाजवळची बाजू रुंद असते, हातपाय पसरायला पुढेच जागा. कॅमेऱ्याचं उलटं. भिंगाजवळ चौकट अरुंद, जसजसं मागे जाल तसतशी रुंद होते. मंचावरचं फॉर्मेशन तसंच उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवलं की पुढच्या टोकांच्या दोघी चौकटीबाहेर जातात, मागच्या एकमेकींआड लपतात. म्हणून टोक कॅमेऱ्याकडे आणि पसारा मागे, अशी मांडणी. तिरकी रेषा कॅमेऱ्याला फार मानवते, खोली दिसते.

आणि जागाबदल? संकलनात कट मारून तो गाळता येतो, म्हणून हल्ली कुणी त्यावर मेहनत घेत नाही. मला हे खटकतं. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर हट्टाने पूर्ण शरीर चौकटीत ठेवायला लावायचा आणि कमीत कमी कट. एका तुकड्यातून दुसऱ्यात तो कसा शिरतो ते म्हणूनच आज आपल्याला शिकायला मिळतं. कटांनी जोडलेल्या नाचात स्टेप शिकता येतात, शिरणं शिकता येत नाही.

आवर्तन_सोळा

शेवटच्या वाक्याला +१.

स्तब्ध

व्हिडिओचा विषय निघालाच आहे तर जुन्या रचना जपण्याबद्दल लिहितो.

'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेचा पहिला प्रयोग २९ मे १९१३, पॅरिस. प्रेक्षागृहात इतका गोंधळ झाला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, रचनाकार निजिन्स्की विंगेतून ओरडून काउंट देत होता. थोडेच प्रयोग झाले आणि ती नृत्यरचना हरवली. संगीत लिहिलेलं होतं म्हणून राहिलं, नाच अंगांत होता म्हणून गेला. पुढे मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी वर्षानुवर्षं खणून १९८७ साली जॉफ्री बॅलेसाठी तो पुन्हा उभा केला. कशावरून? निजिन्स्कीची सहायक मारी रॅम्बेअर हिने तालमींच्या संदर्भाने स्वरलिपीवर केलेल्या नोंदी, चित्रकार व्हॅलेंटाइन ग्रोसने काढलेली रेखाटनं, जुनी छायाचित्रं, वृत्तपत्रांतली वर्णनं. छायाचित्र थांबलेली मुद्रा देतं. या धाग्याचा विषय असलेला मधला प्रवास सगळ्यात आधी हरवतो, आणि त्यासाठीच त्यांना सगळ्यात जास्त झगडावं लागलं असणार.

तसं लिहून ठेवायचे प्रयत्न जुने आहेत. फ्रान्समध्ये १७०० साली फ्यियेची लिपी छापली गेली. त्यात पानावर चक्क जमिनीवरची वाट काढलेली असते, आणि त्या वाटेवर पावलांच्या खुणा. १९२८मध्ये लाबानची लिपी आली. ती खालून वर वाचायची. मधली रेघ म्हणजे शरीराचा मध्य, तिच्या डाव्या-उजव्या बाजूला त्या त्या बाजूचे अवयव, चिन्हाचा आकार दिशा सांगतो आणि लांबी वेळ सांगते. नंतर पन्नाशीच्या दशकात बेनेशची, पाच ओळींवरची. बॅले कंपन्यांमध्ये ती रुळली.

व्हिडिओ आल्यावर आता कशाला हवं हे सगळं, असं विचारतात. व्हिडिओ समोरून दिसणारं दाखवतो, तेही त्या दिवशीचं, त्या दिवशीच्या चुकांसकट. मागच्या रांगेतली मुलगी खांबाआड असेल तर ती गेलीच. आणि ती कुणाकडे बघून निघते, कुठल्या शब्दावर किंवा बोलावर निघते, हे त्यात नसतं. निदान आपल्या वहीत जागाबदलाचे बाण, प्रत्येकीची निघायची मात्रा आणि ती कुणाला बघून निघते, एवढं तरी लिहा.

कोपरा

@स्तब्ध, मग रचना कुणाची? वही ज्याची त्याची, की नाचणाऱ्यांची?

स्तब्ध

कायद्यापुरतं सांगायचं तर आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदलेली असावी लागते. म्हणजे वहीला महत्त्व आहे. अमेरिकन रचनाकार मार्था ग्रॅहमच्या मृत्यूनंतर तिच्या रचनांच्या मालकीवरून तिचा वारसदार आणि तिचीच संस्था न्यायालयात गेले. २००२च्या निकालात बहुतेक नृत्यं संस्थेची ठरली, काही तिथे नोकरीत असताना केलेली म्हणून, काही तिने आधीच संस्थेच्या नावे केलेली म्हणून. आयुष्यभर स्वतःच्या अंगावर घडवलेली भाषा, आणि कागदोपत्री ती तिची नव्हती. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं.

चक्री

आणि नर्तकांचं नाव तर त्या कागदावर कुठेच नाही. ज्यांच्या उत्तरांतून रचना उभी राहते त्यांची नावं "सहनिर्मिती" म्हणून लिहायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी सुरू झाली आहे. ती सगळीकडे यावी. पदन्यास, तुमच्या पत्रिकेत त्या आठ जणींची नावं त्या कामासकट लिहा, ही माझी मनापासून विनंती.

पदन्यास

लिहीन. पटलं.

त्रिज्या

उशिरा आले, पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे म्हणून लिहिते. कागदावर काढून बघितलं.

वर्तुळातल्या आठ जणींना क्रमाने १ ते ८ म्हणू. १ मागच्या कोपऱ्याच्या दिशेला, ५ पुढच्या. २, ३, ४ एका बाजूला, ६, ७, ८ दुसऱ्या. आता प्रत्येकीने सरळ रेषेवर यायचं ठरवलं, की २ आणि ८ एकाच बिंदूवर येतात, ३ आणि ७ बरोबर मध्यावर, ४ आणि ६ एका बिंदूवर. तुमची गर्दी इथे आहे. मुलींचा दोष नाही, भूमितीच तशी आहे.

शिवाय १ आणि ५ जागेवरच राहत असतील तर रेषा तोकडी पडते. वर्तुळाची त्रिज्या दोन मीटर धरली तर चार मीटरमध्ये आठ जणी, दोघींमध्ये जेमतेम ५७ सेंटिमीटर. हात पसरता येणार नाहीत. म्हणून १ आणि ५ने बाहेर सरकायचं, प्रत्येकीने दीड मीटर. रेषा सात मीटरची होते आणि अंतर बरोबर एक मीटर.

मग रेषेतला क्रम असा: १, २, ८, ३, ७, ४, ६, ५. म्हणजे टोकं सोडली तर एक या बाजूची, एक त्या बाजूची, आलटून पालटून. कुणाची वाट कुणाला छेदत नाही. सगळ्यात लांबचा पल्ला ३ आणि ७चा, दोन मीटरहून किंचित जास्त. सगळ्यात जवळचा ४ आणि ८चा, सुमारे १.४ मीटर. चार मात्रांत चार पावलं टाकली तर लांबचीला अर्ध्या मीटरची, जवळचीला पस्तीस सेंटिमीटरची. आरामात जमेल, धावायची गरज नाही.

आवर्तन_सोळा

वा! आणि १ आणि ५ना एक मात्रा आधी काढलंस तर? दोन टोकं बाहेर ताणली गेली की रेषा येतेय हे प्रेक्षकाला आधीच जाणवेल, बाकीच्या सहा जणी मग तिच्यात येऊन मिळतील.

पदन्यास

त्रिज्या, तुमचे खरंच खूप खूप आभार. इतके दिवस मी मुलींना "बघून चाला" म्हणत होते, आणि चालायला वाटच नव्हती.

आज तुमचा क्रम लावून बघितला. गर्दी पूर्ण गेली. १ आणि ५ एक मात्रा आधी निघतात, त्यांचा आधीचा तुकडा आता जायच्या बाजूचा पाय मोकळा ठेवून संपतो, विंगेतूनने सांगितल्याप्रमाणे. ४ आणि ८ लवकर पोचून ताटकळत होत्या, म्हणून त्यांना छोटी पावलं देण्याऐवजी एक मात्रा उशिरा निघायला लावलं. त्या निघताना ३ आणि ७ आधीच एक पाऊल पुढे आलेल्या असतात, त्यामुळे रेषा टोकांकडून आणि मध्यातून एकाच वेळी भरत येते. चक्रींचंही ऐकलं: जमिनीवरच्या खुणा पुसल्या आणि प्रत्येकीला जागेऐवजी शेजारीण दिली. ८ने २कडे आणि ३कडे बघत त्यांच्या मधे शिरायचं, बस. अंतर अजून नीट धरत नाही, विशेषतः ७ आणि ४ जवळ येतात. ४ तिरकी येत असल्याने तिला ७ची पाठ दिसते, खांदा दिसत नाही, असं वाटतंय. ७ला येताना अर्धं वळवून बघणार आहे. कुणाला दुसरं काही सुचलं तर लिहा.